ॲशफिल्डचं चायनीज, माळकरी आईसोबत

शुक्रवार

आई येऊन आठवडा झाला. आज संध्याकाळी तिला घेऊन लिव्हरपूल रोडवर फेरी मारली. निम्म्या रस्त्यात थांबून म्हणाली, "एवढ्या चिनी पाट्या, आणि चायनीजची एक गाडी नाही?"

डोंबिवलीत तिच्या बिल्डिंगखाली गाडी लागते. लाल बोर्ड, आचेवर आपटणारी कढई, शेजवान चटणीचा ठसका. माळ घातल्यापासून ती तिथलं खात नाही, पण वास तिच्या ओळखीचा. इथे तसा वासच नाही. इथे येतो तो वाफेचा, तिळाच्या तेलाचा आणि व्हिनेगरचा.

ॲशफिल्ड सिडनीच्या पश्चिमेला, पण शहराला अगदी चिकटून. सेंट्रलहून लोकलने पाव तास. १८५५ मध्ये सिडनी ते पॅरामॅटा रेल्वे सुरू झाली तेव्हापासून इथे स्टेशन आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत हा रस्ता लागतो, आणि याच तुकड्याला लोक 'लिटल शांघाय' म्हणतात. न्यू शांघाय, शांघाय नाइट ही नावं सिडनीतल्या बऱ्याच खवय्यांना पाठ आहेत.

शांघायची माणसं इथेच का, हे मला ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं. तिचे वडील त्यांतलेच एक. ऐंशीच्या दशकात इंग्रजी शिकायच्या व्हिसावर चिनी तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियात आले, त्यात शांघायचे खूप. जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात निदर्शकांवर रणगाडे घुसले. पंतप्रधान बॉब हॉक कॅनबेरातल्या शोकसभेत सगळ्यांदेखत रडले आणि या मुलांना परत पाठवणार नाही असं सांगून मोकळे झाले. पुढे सुमारे ४२ हजार चिनी लोकांना इथे कायमचं राहता आलं. ॲशफिल्डमध्ये तेव्हा स्टेशनजवळ कमी भाड्याचे फ्लॅट मिळायचे. माणसं राहिली, मग त्यांच्या जेवणाची सोय करणारे आले.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मला काय मिळणार इथे?" प्रश्न रास्त आहे. मी इथे एकटी हिंडले तेव्हा कशालाच ना नव्हती. आता डुक्कर, कोंबडी, मासा, अंडं, सगळं बाद.

शनिवार

माझी शोधायची पद्धत साधी आहे. फोनवरचे तारे बघत नाही. तारे देणारे लोक वेटर हसला का, पाणी विचारलं का, यावर देतात, आणि इथे कुणी हसत नाही. चहाची किटली टेबलावर आदळतात, ऑर्डर घेतात, निघून जातात. मला ते आवडतं. मी संध्याकाळी साडेसहाला काचेबाहेरून आत बघते, की टेबलाटेबलावर तीच तीच कोणती गोष्ट दिसते आहे. मेन्यू दीडशे पदार्थांचा असतो, लॅमिनेट केलेला, फोटोंसकट, पण बहुतेक दुकानांना त्यातले दोन किंवा तीनच पदार्थ मनापासून येतात. बाकीचे कुणी मागितलेच तर असावेत म्हणून. तेव्हा शोधायचं ते रेस्टॉरंट नसतंच, एकेक पदार्थ असतो.

आज तिला शेंगजियान बाओवाल्याकडे (सारण भरलेले, तव्यावर तळलेले पिठाचे गोळे) नेलं, निदान बघायला. खिडकीत टोप्या घातलेल्या दोन बायका. एक पीठ लाटते, दुसरी सारण भरून चुण्या घालते. (मोदकाचं नाव मी इथे काढणार नाही. बाओवर लिहिणारा प्रत्येक मराठी माणूस ते काढतो.) मग ते गोळे जाड बुडाच्या रुंद, उथळ तव्यात तेलावर एकमेकांना चिकटून मांडतात, थोडं पाणी ओततात, लाकडी झाकण टाकतात. पाणी आटेपर्यंत वरचा भाग वाफेवर शिजतो, आणि पाणी संपलं की खालचा तळला जाऊन कुरकुरीत होतो. झाकण उघडलं की वरून तीळ आणि पातीचा कांदा. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. आतल्या बाईने हाताने 'या ना' अशी खूण केली, तर हिने हात जोडले.

शेजारच्या टेबलावर शाओलोंगबाओच्या, म्हणजे आत सूप असलेल्या वाफवलेल्या बाओच्या, वेताच्या परड्या आल्या. आत सूप कसं भरतात, असं तिने विचारलं. ते सूप म्हणून भरतच नाहीत. डुकराची कातडी उकळून तिचा रस्सा थंड करतात, तो जेलीसारखा थिजतो, तीच जेली सारणात मिसळतात. वाफेवर ती परत पातळ होते. हे ऐकल्यावर आईने तोंड फिरवलं, पण युक्ती डोक्यात राहिली असणार. घरी आल्यावर म्हणाली, "शहाळ्याच्या पाण्याचं करता येईल तसं. आगार-आगार घालून."

तिच्यासाठी भाजीचा बाओ मिळाला: हिरवी भाजी, शिताके मशरूम, टोफू, तिळाचं तेल. पांढरा, फुगलेला, वाफवलेला. एक खाल्ला, दुसरा उचलला. पातीच्या कांद्याची पोळी मात्र विचारून घ्यावी लागते. पापुद्रे सुटावेत म्हणून काही ठिकाणी डुकराची चरबी लावतात, काही ठिकाणी साधं तेल. आज विचारलं तर बाईने मागे जाऊन डबाच आणून दाखवला. तेल होतं.

सोमवार

आज फसगत. दुकानाचं नाव लिहीत नाही.

कोरड्या परतलेल्या फरसबीच्या शेंगा मागवल्या. मांस नको, असं दोनदा सांगितलं, हातांनीही. मुलीने मान डोलावली. ताट आलं, शेंगा झकास सुरकुतलेल्या, आणि मधे मधे तपकिरी कण. खिमा. मुलगी म्हणाली, "हे मांस नाही, थोडंसंच आहे." तिच्या दृष्टीने ते खरं होतं. शेंगांत खिमा हा मसाला असतो, आपण आमटीत गूळ घालतो तेवढ्याच मनाने ते घालतात. मापो टोफूचंही तसंच, नाव टोफूचं आणि वर खिमा. साध्या परतलेल्या पालेभाजीवरही बऱ्याचदा ऑयस्टर सॉस, म्हणजे शिंपल्यांचा सॉस, असतो. त्याशिवाय चिकनचा रस्सा कुठे कुठे पडतो ते मोजायला बसलं तर उठून घरी जावं लागेल.

आईने भात, काकडी आणि शेंगदाणे खाल्ले. शेंगा मी संपवल्या, छान होत्या.

ऑफिसातल्या मैत्रिणीला मेसेज केला. तिने चिनी अक्षरांत एक ओळ लिहून पाठवली आहे, की ही बाई धर्मामुळे मांस, मासे, अंडी, मांसाचा रस्सा आणि ऑयस्टर सॉस खात नाही, कांदा-लसूण चालतो. धर्माचं नाव आलं की लगेच समजतं, म्हणाली. बौद्ध भिक्षूंसाठी आणि पौर्णिमा-अमावास्येला शाकाहार पाळणाऱ्यांसाठी स्वयंपाक करायची सवय चिनी घरांना आहेच. फक्त ते लोक कांदा-लसूणही सोडतात, म्हणून तेवढं वेगळं लिहावं लागलं. नुसतं "मांस नको" म्हटलं की त्यांना वाटतं, पोरगी डाएटवर आहे.

बुधवार

आज आषाढी. बाहेर खाण्याचा विषय नाही. साबुदाणा मात्र कोपऱ्यावरच्या चिनी वाणसामानाच्या दुकानात मिळाला, थायलंडचा, टॅपिओकाचा. आपलाही त्याचाच असतो. खिचडी उत्तम झाली, दाणे सुटे. आईने विठ्ठलाला दाखवताना पाकिटावरची चिनी अक्षरं भिंतीकडे वळवून ठेवली. का, ते विचारलं नाही.

शुक्रवार

सापडलं.

रुळांच्या पलीकडे, स्टेशनच्या उत्तर बाजूला, एक अरुंद दुकान आहे. सहा टेबलं, भिंतीवर फोटो, पैसे रोख. शांघायशी याचा संबंध नाही. हे शिआनचं खाणं, चीनच्या पार उत्तर-पश्चिमेचं. तिकडे गहू पिकतो, भात कमी. मी तिथे मटणाच्या रुंद नूडल्स खायला जायचे. बाकीच्या टेबलांवर एक थंड पदार्थ सारखा दिसायचा, पांढुरक्या चकचकीत पट्ट्यांचा, पण त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आज मैत्रिणीची ओळ दाखवली, तर मालकिणीने एका फोटोवर बोट ठेवलं. तोच. लियांगपी.

ताट आलं. पट्ट्या, काकडीच्या सळ्या, मोड आलेले मूग, स्पंजासारखे सच्छिद्र तुकडे, काळं व्हिनेगर, लसणाचं पाणी आणि वरून लाल तेल. आईने एक पट्टी काट्याने उचलून उजेडात धरली. मग तोंडात घातली. आणि म्हणाली, "अगं, हा तर गव्हाचा चीक!"

मी मैत्रिणीला विचारलं, तर खरंच तसं. कणकेचा गोळा भिजवून पाण्यात चोळत राहतात. पिठूळ पाणी निघतं, ते ठेवून देतात, साका खाली बसला की वरचं पाणी काढतात. तो साका ताटलीत पातळ ओतून वाफवला की चादर तयार होते, तिच्या पट्ट्या कापतात. आपण गहू तीन दिवस भिजवून, वाटून चीक काढतो, शिजवतो आणि कुरडया घालतो. त्यांचं एका रात्रीत होतं, आणि वाळवत नाहीत. चोळून झाल्यावर हातात जो रबरासारखा गोळा उरतो तो वाफवून त्याचे ते स्पंजी तुकडे करतात. आपण कुरडईचा चोथा गाईला घालतो किंवा त्याच्या भुसवड्या करतो. आई म्हणाली, त्यांनी काहीच वाया घालवलं नाही. तिच्याकडून ही मोठी शाबासकी.

बिल तीस डॉलरच्या आत आलं, दोघींचं. एक ताट तिने एकटीने संपवलं, वर तळाचं व्हिनेगर चमच्याने.

रविवार

दुपारी उगाच वाकडी वाट करून जुन्या पद्धतीच्या चिनी रेस्टॉरंटवरून गेलो. लाल कंदील, फिशटँक, मेन्यूवर लेमन चिकन, मध लावलेली कोळंबी, तळलेलं आइसक्रीम. वाँटन सूपला तिथे अजून 'शॉर्ट सूप' म्हणतात आणि नूडल्सच्या सूपला 'लाँग सूप'. हे ऑस्ट्रेलियन लोकांसाठी घडलेलं चायनीज. गावागावांत एक असायचं. इथल्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानात मिळणारा डिम सिमही (सारण भरून तळलेला किंवा वाफवलेला गोळा) असाच, मेलबर्नमध्ये १९४५ च्या सुमारास जन्मला असं मानतात. आईला सांगितलं की आपलं मंचुरियनही मुंबईतच, १९७५ साली, क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वाँग यांनी केलं असं मानतात. चीनमध्ये तशा नावाचं काही नाही. तिला नवल वाटलं नाही. "जिथे राहायचं तिथल्या माणसाला रुचेल असं करावंच लागतं," म्हणाली. पण तिथे खायला मात्र तयार झाली नाही. मलाही नकोच होतं, फार गोड असतं.

मग पुन्हा लियांगपी. आज दुपारचे अडीच, दुकान रिकामं. आईला चीक कसा काढतात ते बघायचं होतं. मालकिणीने माझं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली. पट्ट्या बरवूडहून येतात, सकाळी सहाला, खोक्यातून. दोन स्टेशनं पुढे कुणीतरी करतं, इथल्या बऱ्याच दुकानांना तेच पुरवतं. तिच्याकडे तेवढी जागा कुठे आहे, माणसं कुठे आहेत.

आईचं तोंड उतरलं. ते बघून मालकीण म्हणाली, तेल मात्र इथलंच, आणि आत गेली. स्टीलचं पातेलं घेऊन आली. चक्रीफूल, दालचिनी, तमालपत्र आणि मूठभर लालसर टरफलं तेलात मंद आचेवर ठेवायची, मग सगळं गाळून ते गरम तेल तिखटाच्या भुग्यावर ओतायचं, एकदम नाही, तीनदा, थोडं थोडं.

आईने त्या टरफलांतलं एक उचललं, नखाने चुरडलं, हुंगलं. माळ घालायच्या आधी तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं आमच्या वाडीत प्रसिद्ध होतं.

"तिरफळ," ती म्हणाली.

ती टरफलं सिचुआन मिरीची. ती आणि आपलं कोकणातलं तिरफळ एकाच कुळातली, एकमेकांची भावंडं. मला हे वाचून माहीत होतं आणि तरी कधी जोडलं नव्हतं. तिरफळाची बी फेकून टरफलच वापरतात, यांचंही तसंच. मालकिणीला मी फोनवर तिरफळाचा फोटो दाखवला. तिने मोठा करून पाहिला, आपल्या नवऱ्याला हाक मारली, दोघांचं जोरात काहीतरी बोलणं झालं. तो म्हणाला, हे आकाराने मोठं आहे, पण चालेल.

आईच्या बॅगेत पाव किलो आहे. कस्टमला दाखवून आणलंय, सुकं असल्यामुळे सोडलं. आता तिने ठरवलंय की त्यातलं थोडं मालकिणीला द्यायचं आणि बदल्यात तिच्या तेलाची बाटली घ्यायची. पैसे द्यायचे नाहीत, असं मला बजावलंय. तेल तडक्याला चालेल का, आणि तूरडाळीवर बरं लागेल की मुगाच्या, यावर आमचा अजून वाद चालू आहे. माझं मत मुगाचं.