नववा घाणा: बाटलीतली साखर आणि झाकणाची रिंग

मागच्या, म्हणजे आठव्या घाण्यात एकाच पातेल्यातल्या कोंबुचाने, म्हणजे गोड चहा आंबवून केलेल्या फेसाळ पेयाने, बाटलीगणिक वेगळा रंग दाखवला. एक बाटली उघडली तर नुसता आंबट चहा, फेसाचा पत्ता नाही. तिच्या शेजारची उघडली तर निम्मी ओट्यावर. त्याआधी सहाव्या घाण्यात ज्यूसची रिकामी काचेची बाटली वापरली होती, ती रात्री दोनला फुटली आणि खोक्याच्या पुठ्ठ्यात काचा रुतल्या. तेव्हापासून सोड्याच्या दाबासाठी न बनवलेली काच मी घेतच नाही. आठव्याचं कोडं मात्र सुटलेलं नव्हतं, म्हणून नववा घाणा मुद्दाम सगळं मोजून-मापून केला.

आधी चमचा तपासला. आठव्यात मी प्रत्येक बाटलीत 'एक चमचा साखर' घातली होती. त्याच चमच्याने दहा वेळा साखर घेऊन सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलली. सपाट घेतला की 4 ग्रॅम, घाईत घेतला की 7. अर्ध्या लिटरच्या बाटलीत हा फरक फार मोठा आहे. बिअर करणारे लोक बाटलीत भरताना जी साखर घालतात, ज्याला प्रायमिंग म्हणतात, त्याचा हिशेब साधा आहे. एक ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर पेयात एक लिटर वायू मुरवायचा तर जवळजवळ 2 ग्रॅम वायू, म्हणजे 4 ग्रॅम साखर लागते. बिअरमध्ये असा अडीच पट वायू असतो. मला कोंबुचात तीनपट हवा होता. म्हणजे माझ्या 4 ग्रॅमच्या बाटलीत पेयाच्या दुप्पट आणि 7 ग्रॅमच्या बाटलीत साडेतीनपट वायू; एवढा फरक फक्त चमच्यामुळे पडला.

पण बिअरचं गणित कोंबुचाला जसंच्या तसं लावून चालत नाही. बिअर भरतात तेव्हा तिच्यातली खाण्यासारखी साखर संपलेली असते. आपल्या कोंबुचात चहाची साखर अजून शिल्लक असते, तीही बाटलीत वायू करते. म्हणून या वेळी लिटरला फक्त 5 ग्रॅम घातली. 7 लिटरला 35 ग्रॅम, तीही खडीसाखर कुटून. गूळ मला चवीला फार आवडतो, पण त्यात ओल किती आणि साखर किती हे ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे मोजमापाच्या घाण्यात तो नको.

साखर 100 मिली पाण्यात पाच मिनिटं उकळून, पूर्ण गार करून आधी भरायच्या बादलीत ओतली, मग वरून नळीने कोंबुचा हळूहळू सोडला. असं केलं की पाक आपोआप सारखा मिसळतो. नंतर पळीने दोनदा अलगद फिरवलं.

आता स्वच्छता. इथे माझा खरा वेळ गेला आणि उत्तरही इथेच सापडलं.

आई लोणच्याची बरणी धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, वर हिंगाची धुरी देते. मी बाटल्या मांडताना तिने दारातूनच विचारलं, "धुरी दिनी का रे बाटल्यास्ले?" हिंगाचा वास कोंबुचात चालणार नाही, पण तिचा क्रम अगदी बरोबर आहे: आधी घासून धुणं, मग जंतू मारणं. चिकट थर तसाच ठेवून वरून उकळतं पाणी ओतलं तर थराखालचे जंतू सुखरूप राहतात.

आमच्याकडे जळगावात बोअरचं पाणी जड, त्यामुळे बाटल्यांच्या आत पांढरा थर चढतो. तो आधी लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक अ‍ॅसिडच्या) पाण्याने काढला. मग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, लांब ब्रश, तीन पाण्यांनी खळखळून धुणं. शेवटी मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून, गार पाण्यातच बाटल्या ठेवून गॅस लावला आणि दहा मिनिटं उकळल्या. सरबत टिकावं म्हणून घालतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) मी टाळलं, कारण बाटलीत ज्या यीस्टकडून काम करून घ्यायचं आहे त्यालाच ते आवर घालतं.

तारेच्या झाकणाच्या रबरी रिंगा आजवर मी झाकणासकटच धूत होतो. या वेळी सुरीच्या पाठीने एकेक उचकटून काढली. रिंगेच्या खालच्या बाजूला तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता, आणि त्याला व्हिनेगरचा उग्र वास. तेरापैकी पाच रिंगांना असा थर, शिवाय दोन रिंगा ताणल्यावर बारीक भेगा दाखवत होत्या. भेगेतून वायू निसटतो, ती बाटली निवांत. थरातले जंतू नव्या पेयात उतरतात, ती बाटली फसफसते. आठव्या घाण्याचं अर्धं उत्तर माझ्या हातात होतं. सगळ्या रिंगा सुट्या करून सोड्यात घासल्या आणि वेगळ्या उकळल्या. भेगांच्या दोनपैकी एकच बदलली, नवी एकच शिल्लक होती.

भरताना अजून एक पथ्य: घरात केळी पिकत असतील तर तो दिवस टाळा. रावेरहून मामांनी घड पाठवला की चिलटं अशी येतात की उघडी बादली क्षणभरही सुरक्षित नाही. बादलीवर मलमल बांधूनच काम केलं.

तेरा काचेच्या आणि एक सोड्याची प्लास्टिकची, अशा चौदा बाटल्या भरल्या. वर तीन बोटं जागा सोडली. प्लास्टिकची बाटली म्हणजे साक्षीदार; ती दाबून आतला दाब कळतो. एप्रिलअखेर घरात 38 अंश, म्हणून बाटल्यांचं खोकं घमेल्यात ठेवून, ओलं गोणपाट गुंडाळून कूलरसमोर ठेवलं, वर जुनी गोधडी. पारा 30 पर्यंत उतरला. तरी 28 तासांत प्लास्टिकची बाटली दगडासारखी घट्ट झाली. थंड हवेच्या गावचे लोक चार-पाच दिवस सांगतात, ते आपल्याकडे धरू नका. लगेच सगळ्या फ्रिजमध्ये.

दोन रात्री थंड झाल्यावर उघडल्या. काचेच्या तेरापैकी अकरा साध्या होत्या, त्यांतल्या दहांचा आवाज सारखा, बारीक बुडबुडे तळापासून शेवटच्या घोटापर्यंत. अकरावी निवांत निघाली: भेगाळ रिंग तिचीच होती. उरलेल्या दोन बाटल्यांत मी दोन-दोन चमचे केळ्याचा गर घातला होता. त्या सिंकमध्ये उघडल्या तरी तिसरा हिस्सा उसळून गेला. गराचा कणन् कण बुडबुड्याला जागा देतो, शिवाय त्याची स्वतःची साखर. चव मात्र इतकी सुंदर, की तो नाद सोडवत नाही.

दहाव्या घाण्यासाठी रिंगांचा नवा संच मागवला आहे. गर दुहेरी फडक्यातून गाळून फक्त रस घेणार, आणि त्या बाटल्यांत वरची साखर शून्य.