आधी दोरा, मग चामडं

‘रोज वाचायला टिकेल असं स्टडी बायबल, म्हणजे अभ्यासाच्या टिपा असलेलं बायबल, कुठलं घ्यावं?’ उपासनेनंतर हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याचा हात तोवर कव्हरवरून फिरत असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: कव्हर सगळ्यात शेवटी बघा.

पुस्तक मध्यावर हलकेच उघडा आणि वरच्या कडेनं पाठीत डोकवा. पानांच्या दुमडलेल्या छोट्या घड्या, म्हणजे जुज, सुट्या दिसल्या आणि एखाद्या जुजाच्या पोटात दोरा दिसला, तर ती जुजबंदी. पानं सपाट कापून नुसती गोंदात बसवलेली असतील, तर परत ठेवा. गोंद कडक झाला की पुस्तक जिथं जास्त उघडतं तिथंच पाठ तडकते. बायबलात ती जागा बहुधा स्तोत्रसंहिता. शिवलेलं पुस्तक बाइंडर पुढं नव्या पुठ्ठ्यात बांधून देतो. गोंदाचं मागाहून शिवायला गेलं तर आतला समास शिलाईत जातो आणि ओळींची टोकं वाचताच येत नाहीत.

बॉन्डेड लेदर हे चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं असतं. बेळगावजवळच्या आपल्या खानापूरकडच्या दमट पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. त्याहून साधा कापडी पुठ्ठा बरा. अस्सल चामडं उत्तमच, पण खाली शिलाई असेल तर.

कागद झिरझिरीत असणारच, नाहीतर पुस्तक उचलवणार नाही. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून छापल्यात का, तेवढं बघा. तसं असलं की मागची शाई कमी खुपते. अक्षर तपासायला बायबलातल्या ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या सुरुवातीच्या वंशावळी वाचा. त्या नावांतल्या मात्रा आणि जोडाक्षरं दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अडखळत वाचावी लागली, तर घरी रात्री काय होणार?

आपल्या भागात घरात मराठी, उपासना कधी कन्नड, मुलांची शाळा इंग्रजी. टिपांची जाड स्टडी बायबलं बहुतेक इंग्रजीत. माझं मत सरळ आहे: जाड इंग्रजी ग्रंथ टेबलावर राहू द्या आणि रोजच्या हाताळणीला संदर्भवचनं, म्हणजे त्याच विषयाच्या इतर वचनांचे आकडे, असलेलं मराठी बायबल घ्या. अध्याय-वचनांचे आकडे बहुतेक ठिकाणी जुळतात, त्यामुळं टीप तिथं आणि वाचन इथं, असं सहज चालतं. कॅथलिक घरांनी ७३ पुस्तकं आहेत ना, हे अनुक्रमणिकेत पाहावं. प्रोटेस्टंट प्रतीत ६६च असतात.

नवं बायबल एकदम मध्यावर दाबून उघडू नका. पाठ टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग थोडी पानं पुढून, थोडी मागून, असं दाबत मध्यापर्यंत या. झिपच्या कव्हरात पत्रकं आणि गाण्यांचे कागद कोंबले की पाठीवर ताण येतो, हे सांगूनही कुणी ऐकत नाही! खुणांना रंगीत पेन्सिल वापरा. जेल पेनची शाई पलीकडे उतरते.

पावसात भिजलं तर उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. पानांत मधूनमधून कोरे कागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा. फाटल्या पानाला सेलोटेप नको, ती पिवळी पडते आणि काढताना अक्षरं उचलते. पातळ टिश्यू कागद आणि मैद्याची खळ पुरते. मात्र खळ अगदी पातळ लावा, जास्त झाली की कसर लागते.