गप्पीदास आला!

आज पहाटे मी आणि ताई नेरूळला खाडीच्या बाजूला गेलो होतो, पावसाळ्यानंतरचं गवत अजून कमरेएवढं उभंय, त्याला तुरे आलेत आणि तुऱ्यांवर मुनियांची नुसती झुंबड. मग नाल्याच्या काठाकाठाने चालत राहिलो. आणि वाळक्या काडीवर गप्पीदास!! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मुठीत मावेल एवढा पक्षी, हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून येतो आणि इथे ऑक्टोबरच्या उन्हात शेपटी हलवत बसतो. चिखलात पिवळे धोबी, तुतवार, शेकाटे हे पक्षी पण होते, तारेवर खंड्या.

जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, मग तिथले पक्षी आतल्या तळ्यांवर येऊन बसतात आणि ओहोटी लागली की परत खाडीत. म्हणजे त्यांना दोन्ही लागतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला रामसर (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, खूप आनंदाची गोष्ट आहे, पण हद्दीबाहेरची तळी बुजली तर भरतीच्या वेळी रोहित (फ्लेमिंगो) बसणार कुठे? हा विचार आला की खरंच जीव कासावीस होतो, आपण इथे राहणाऱ्यांनीच यावर बोलत राहिलं पाहिजे.

रोहितांचे मोठे थवे यायला अजून अवकाश आहे. रविवारी परत जातोय, कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, जास्तीची दुर्बीण आहे. भडक कपडे आणि मोबाईलवर गाणी मात्र नको प्लीज.