तरीही जातेस?

"काकीचं एवढं झालं, तरीही रात्रीची साप बघायला जातेस?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, चवथीला विचारला जातो, इथं गोव्यात वाळपईच्या बाजारात मासे घेताना विचारला जातो. नणंद विचारते, शाळेतल्या बाई विचारतात, ज्यांनी काकीला कधी बघितलंही नाही तेही विचारतात. इतकी वर्षं मी "आवड आहे हो" म्हणून सुटका करून घेतली. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि तुमच्या चेहऱ्यांवरून तुम्हांलाही ते कळत होतं. तेव्हा एकदा सगळंच लिहिते.

आधी एक गैरसमज. टॉर्च घेऊन रानात शिरलं की पावलापावलाला साप, असं तुम्हांला वाटतं. मी आणि माझा पुतण्या पावसाळ्यात आठवड्यातून एखाद्या रात्री निघतो. अभयारण्यात रात्री शिरायचं नसतं, म्हणून चोर्ला घाटातल्या रस्त्याची कड, ओळखीच्यांची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, आणि ओहोळाकाठच्या पायवाटा एवढाच आमचा मुलूख. तीन-चार तास चालायचं. गमबुटात पाणी, मानेवर जळू, चष्म्यावर वाफ. आणि बहुतेक रात्री साप एकही नाही.

कारण साप चमकत नाही. टॉर्चच्या झोतात बेडकाचा डोळा चमकतो, रातवा पक्ष्याचा निखाऱ्यासारखा पेटतो. पायवाटेवरचे दवाचे थेंब म्हणून वाकून बघावं तर प्रत्येक थेंबाला आठ पाय असतात, ते कोळी. सापाचा डोळा तसा उजेड परत देत नाही. त्यामुळे नजर आकारावर ठेवावी लागते, आणि रानात सापाच्या आकाराचं काय नसतं? मिरीची वेल, झावळीचा देठ, सायकलची ट्यूब. कुळागरात शिंपणाच्या काळ्या पाइपासमोर आम्ही दोघं एकदा पाच मिनिटं श्वास रोखून उभे होतो. पुतण्यानं त्याचे वीस फोटो काढले, एकविसाव्याला त्याला पाइपाचा जोड दिसला. त्या रात्री आम्ही इतके हसलो की कुळागराचा मालक काठी घेऊन बाहेर आला.

घाटात एकदा पोलिसांची जीप थांबली. रात्रीचे अकरा, भर पाऊस, एक बाई आणि एक मुलगा झुडपांत टॉर्च मारतायत. त्या रस्त्यानं दारू चोरून नेणारे असतात, त्यामुळे त्यांचं थांबणं बरोबरच होतं. "काय हरवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साप शोधतोय. त्यांनी पिशवी उघडायला लावली, तिच्यात कोरडे मोजे आणि बिस्किटं निघाली. मग त्यांतला वयस्क हवालदार स्वतःची टॉर्च काढून आमच्याबरोबर चालू लागला. अर्ध्या तासानं त्यालाच पहिला साप दिसला, कारवीच्या शेंड्यावर झोपलेला हरणटोळ. हरणटोळ दिवसा वावरतो आणि रात्री फांदीच्या टोकाला वेटोळं करून झोपतो, त्यामुळे उजेडात तो पानांपेक्षा फिका, उठून दिसतो. हवालदारांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ज्या सापानं काहीच केलं नव्हतं, नुसता झोपला होता, त्याच्यासाठी ते मला दोनदा "थँक्यू" म्हणाले.

आणि चापडा. एका जुलैत मिरीच्या वेलीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, एक मलबारी चापडा बसला होता. हिरवा, अंगावर तपकिरी नक्षी, तिकोनी डोकं खाली रोखलेलं, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये ती खोबण, जिच्यानं त्याला उबदार अंगाची चाहूल लागते. अकरा दिवस मी रोज संध्याकाळनंतर तिथं जात होते. अकराही दिवस तो त्याच फांदीवर, डोकं त्याच दिशेला. दबा धरून बसणारा साप तो. पाऊस कोसळायचा, त्याच्या खवल्यांवर थेंब जमायचे, ओघळायचे, तो हलायचा नाही. बाराव्या दिवशी फांदी रिकामी होती. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. चापड्यासाठी ते नाही. म्हणून मी त्याच्यापासून दोन हात नव्हे, दोन पुरुष लांब उभी राहायचे. मी बेफिकीर आहे असं समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता काकी.

२०१९ चा ऑगस्ट, चवथीच्या आधीचा आठवडा. घर पाहुण्यांनी भरलं होतं. काकीनं, म्हणजे माझ्या यजमानांच्या काकीनं, आपली खाट मुंबईहून आलेल्या सुनेला दिली आणि स्वतः माजघरात चटई टाकली. बाजूला नारळांचा ढीग, गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी आणलेली सामग्री, भिंतीला टेकवलेली लाकडं. मी त्या रात्री घाटात होते. पाऊस दुपारीच उघडला होता, हवा दमट होती, मांजऱ्या साप दिसेल अशी मला खात्री वाटत होती. दोन वाजेपर्यंत आम्ही हिंडलो. काही दिसलं नाही. एवढ्या रात्री घाट उतरायला नको म्हणून सुर्लाला ओळखीच्यांकडे पडलो. तिथं फोनला रेंज नव्हती.

तीनच्या सुमाराला काकीच्या पोटात दुखू लागलं. घरच्यांना पित्त वाटलं. ओवा दिला, कोकमाचं पाणी दिलं. घसा धरल्यासारखा झाला म्हणाली. उजाडायच्या आधी तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं पित्तावरचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. अंगावर जखम नव्हती, सूज नव्हती. काकी म्हणत होती, "झोप येता गो." सगळ्यांना बरं वाटलं, रात्रभर जागली बिचारी, झोपू दे.

आम्ही पाचला निघालो. घाट उतरल्यावर फोन वाजायला लागला तो थांबेचना. चौदा मिस्ड कॉल. घरी पोचले तर काकी भिंतीला टेकून बसली होती. मी हाक मारली. तिनं माझ्याकडे बघायला कपाळ वर ओढलं, सगळ्या आठ्या केसांपर्यंत गेल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. पुन्हा ओढलं, पुन्हा तसंच. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, तिला ती गिळता येत नव्हती.

हे मी शाळाशाळांतून फळ्यावर लिहून शिकवलं होतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावलेलं बरेचदा कळतही नाही, खूण सापडत नाही, आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग घसा, मग श्वास. त्याच क्रमानं. सगळ्यांनी पाठ केलेलं, आणि ज्या घरात पाठ असलेली बाई राहते त्या घरात साडेतीन तास ते कोणालाही ओळखता आलं नाही, कारण ती बाई बाहेर सापच शोधत होती.

१०८ आली. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचायला तासाहून जास्त लागला. वाटेत काकीचा श्वास उथळ होत गेला, छाती नुसती वरच्या वर हलायची. पोचल्यावर नळी घातली. औषध दिलं, पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की औषधानं ते सुटत नाही. ती टोकं नव्यानं तयार व्हावी लागतात, तोवर माणसाचा श्वास यंत्रानं चालवायचा. नऊ दिवस चालवला. तिला सगळं ऐकू येत होतं, हे नंतर कळलं. आम्ही खाटेशी जे बोललो ते सगळं.

सहाव्या दिवशी तिची बोटं हलली. मी वहीवर पेन्सिल धरून दिली. पुष्कळ वेळ लावून तिनं एकच शब्द लिहिला: "जनावर?" सापाचं नाव घेऊ नये, जनावर म्हणावं, हे मला लग्नानंतर तिनंच शिकवलं होतं. मी म्हटलं, "होय काकी." तिनं पेन्सिल सोडून दिली.

दरम्यान गावात साप मारला गेला होता. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, काठीवर लटकवून माझ्यापुढे आणला. तो कवड्या होता. बिनविषारी. मण्यारीचे पट्टे जोडीजोडीनं असतात, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरत गेलेले. कवड्याचं नेमकं उलटं. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग जाते, ती याच्या पाठीवर नव्हती. मी हे सांगितलं. "अजून सापांचीच बाजू घेतेस?" असं एक जण म्हणाला. मी बाजू घेत नव्हते. मी सांगत होते की जिनं चावलं ती अजून इथंच आहे.

मग मी तिला शोधली. आयुष्यात कोणताही साप इतक्या मन लावून शोधला नव्हता. तिसऱ्या रात्री न्हाणीमागे रचून ठेवलेल्या चिऱ्यांच्या फटीतून ती बाहेर येत होती. ओल्या कोळशाला येते तशी निळसर झाक, पट्टे दुधासारखे. मोठी होती. सावकाश, अजिबात आवाज न करता, चिऱ्यावरून चिऱ्यावर.

आता जे लिहिते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. काकी बांबोळीला यंत्रावर होती, दहा पावलांवर घरातल्या पोरांच्या चपला होत्या, आणि मला आनंद झाला, नेहमी होतो तसाच, पोटातून. तो मी थांबवू शकले नाही. तीन-चार मिनिटं मी फोन केला नाही, नुसती बघत उभी होते. मग वन खात्यामार्फत साप पकडणाऱ्याला बोलावलं. तो येईपर्यंत टॉर्च तिच्यावर धरून ठेवली. त्यानं ती नेली आणि लांब सोडली. अनोळखी जागी सोडलेले साप बरेचदा जगत नाहीत, हे मला माहीत आहे. काकीला चावली ती हीच, हे मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही.

त्याआधीची मी शाळेत म्हणायचे, "घाबरू नका, आपण छेडलं नाही तर साप काही करत नाही." टाळ्या मिळायच्या. काकीनं काय छेडलं होतं? झोपेत हात हलला असेल. सर्पदंशानं भारतात वर्षाला ४६ हजार माणसं जातात, हा तेव्हाचा अंदाजही मी सांगायचे. पुढच्या अभ्यासात तो ५८ हजारांवर गेला. आकडा सांगायचा आणि लगेच भीती काढायची, हे दोन्ही एकाच दमात मी कसं करत होते कोण जाणे. त्या बाईशी माझं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, भीती घातलीस तर लोक दिसेल तो साप मारतील, त्या कवड्यासारखा. तिचंही बरोबर आहे. आता मी शाळेत एवढंच सांगते: खाली झोपू नका, झोपावंच लागलं तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा, आणि पहाटे पोटदुखीबरोबर पापण्या पडल्या तर पित्त म्हणू नका. टाळ्या वाजत नाहीत.

मग का जाते? तुम्हांला हवं तसं उत्तर माझ्यापाशी नाही. रात्री हिंडले म्हणून मला त्या पापण्या कळल्या, असं म्हणता येईल. रात्री हिंडले म्हणूनच त्या उशिरा कळल्या, असंही म्हणता येईल. दोन्ही मी स्वतःला शेकडो वेळा ऐकवलंय. काकी बरी झाली, चालते-फिरते, पेज करते. तिनं मला जा म्हटलेलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलेलं नाही. निघायच्या आधी मी तिच्या खोलीत जाते, खाटेखाली टॉर्च मारते, मच्छरदाणी खोचते. ती पाय वर घेते आणि भिंतीकडे तोंड करते.

एक बदल केलाय. जिथं रेंज नाही तिथं साडेदहानंतर थांबायचं नाही. गेल्या ऑक्टोबरात ओहोळावरच्या एका फांदीवर पुतण्याला काहीतरी लांब, बारीक, तपकिरी हललेलं दिसलं. मांजऱ्या असावा, नक्की दिसत नव्हतं, पाण्यात उतरून पलीकडे जावं लागलं असतं. दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी त्याला परत फिरवलं. घरी आले तेव्हा सगळे शांत झोपले होते. त्या रात्रीचा राग मला अजून आहे, आणि तो कोणावर आहे ते मला सांगता येत नाही.