‘देशाचा विचार केला होतात का?’ : तुम्ही विचारलेत म्हणून

गेली कित्येक वर्षे एकच प्रश्न मला निरनिराळ्या सुरांत विचारला जातो. कोणी कुतूहलाने विचारतो, कोणी आरोपाच्या तयारीने : ‘तो गोपनीय अहवाल छापताना देशाचा विचार केला होतात का?’ मी ‘हो’ म्हणते आणि विषय बदलते. ते उत्तर खोटे नाही. पण खरोखर सांगण्यासारखे जे आहे ते त्यात येत नाही, आणि ते टाळण्याचा आता मलाच कंटाळा आला आहे.

आधी माझी बाजू. कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का आहे, म्हणजे तो उघड झाल्यास देश धोक्यात येणारच, असे गृहीत धरूनच हा प्रश्न येतो. शिक्का मारणारा हात मात्र पुष्कळदा ज्याची चूक त्या कागदात नोंदलेली असते त्याचाच असतो. व्हिएतनाम युद्धाविषयीचे ‘पेंटागॉन पेपर्स’ हे अमेरिकन संरक्षण खात्याचे गोपनीय कागद छापले जाऊ नयेत म्हणून 1971 मध्ये अमेरिकन सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेले सॉलिसिटर जनरल एर्विन ग्रिस्वोल्ड यांनीच 1989 मध्ये लिहिले की, त्या प्रकाशनाने राष्ट्रीय सुरक्षेला बाधा आल्याची खूण आपल्याला कुठे दिसलेली नाही आणि गोपनीयतेचे शिक्के गरजेपेक्षा फार जास्त मारले जातात.

हे उदाहरण मला किती सोयीचे आहे, तेही मी जाणते. 7 जून 1942 रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापले की दुसऱ्या महायुद्धातील मिडवेच्या सागरी लढाईपूर्वीच अमेरिकन नौदलाला जपानी ताफ्याची रचना ठाऊक होती, आणि सोबत जहाजांची नावेही दिली. जपानी सांकेतिक संदेश फोडले जात आहेत, हे जाणत्या वाचकाने त्यावरून ओळखले असते. वृत्तपत्रावर खटला उभा राहिला नाही, कारण तो चालवायचा तर नौदलाला तेच गुपित पंचांपुढे मांडावे लागले असते. जपानच्या ते ध्यानात आले नाही, असे दिसते. तेथे जे वाचले ते नशिबाने वाचले, संपादकाच्या विवेकाने नव्हे. उमेदीच्या काळात मी हे उदाहरण कोणाला सांगत नसे.

आता माझ्या बातमीविषयी. आमच्या हाती आलेल्या अहवालात सुरक्षासाहित्याच्या साठ्यातील त्रुटी नोंदलेल्या होत्या : काय कमी आहे, कोठे कमी आहे, आणि हे वरिष्ठांना किती आधी कळवले गेले होते. पहिल्या दोन गोष्टी शत्रूच्या कामाच्या होत्या; बातमी तिसऱ्या गोष्टीत होती. मी तेव्हा वृत्तसंपादक होते. आम्ही प्रतिक्रिया मागितली तेव्हा एका अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी धमकी दिली नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण दिली असती तर माझे काम सोपे झाले असते. त्यांनी सहा दिवसांची मुदत मागितली आणि अहवालातील कोणते चार परिच्छेद उघड होऊ नयेत, ते कारणांसह सांगितले. त्यांपैकी तीन परिच्छेदांबाबत त्यांचे म्हणणे मला पटले. चौथ्यात देश नव्हे, कोणाची तरी खुर्ची वाचवायची होती. तीन परिच्छेद वगळले, चौथा ठेवला आणि सहा दिवस थांबले. तुम्ही ज्याला देशाचा विचार म्हणता तो हाच असेल, तर तो मी केला होता.

सातव्या दिवशी रात्री पान लावताना कोणीतरी म्हणाले की नुसत्या मजकुरावर वाचक विश्वास ठेवणार नाहीत, मूळ कागदाचे छायाचित्र हवे. ‘कोणीतरी’ असे मी वर्षानुवर्षे सांगत आले. ती सूचना माझीच होती. पहिल्या पानाचे छायाचित्र निवडले. प्रत क्रमांक कापला, सही काळी केली, आकडे झाकले. डाव्या समासात झेरॉक्सच्या वेळी उमटलेली एक बारीक, उभी, किंचित तिरपी रेघ होती. ती मला दिसली नाही असे नाही; ती मला केवळ घाण वाटली. तशी रेघ उमटवणारे यंत्र त्या कार्यालयात एकच होते आणि ते वापरणारी माणसे मोजकी होती.

आठवड्याच्या आत चौकशी सुरू झाली. ज्यांनी कागद दिला त्यांच्यावर खटला झाला नाही, पण बदली झाली, आणि पुढे निवृत्तीनंतरही चौकशी पूर्ण झालेली नाही या सबबीवर त्यांचे पैसे अडकून राहिले. त्यांनी मला एकदाच फोन केला. ‘मॅडम, बातमी चांगली होती. फोटो कशाला हवा होता?’ एवढेच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

अज्ञान हीही सबब मला उरलेली नाही. सारा टिस्डल यांचे प्रकरण मी तोपर्यंत पत्रकारितेच्या वर्गात अनेकदा शिकवले होते. ब्रिटनमध्ये अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रे येण्याविषयीचे गोपनीय कागद या तरुण सरकारी कर्मचारी महिलेने 1983 मध्ये निनावीपणे ‘गार्डियन’कडे पोहोचवले. न्यायालयाच्या आदेशानंतर वृत्तपत्राने ते सरकारला परत दिले, त्यांवरील खुणांमुळे त्या सापडल्या आणि 1984 मध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. संपादकांनी ते कागद वेळीच नष्ट का केले नाहीत, असे मी विद्यार्थ्यांना मोठ्या तावातावाने विचारत असे. आणि मी, कोणी आदेश दिलेला नसताना, तशीच एक खूण अंकाच्या प्रत्येक प्रतीत छापून वाटली.

उमेदीच्या काळातील मी आज समोर आले तर म्हणेन की सहा दिवस थांबणे हीच मुळात चूक होती. तो मुद्दा मला अजून खोडून काढता आलेला नाही. न्यायालयाच्या परवानगीविना चाललेल्या पाळतीची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सरकारच्या विनंतीवरून वर्षाहून अधिक काळ रोखली आणि डिसेंबर 2005 मध्ये छापली, दरम्यान अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक होऊन गेली होती. थांबणाऱ्यानेही कोणाची तरी बाजू घेतलेलीच असते. कायदाही या कोड्यात फार पुढे नेत नाही. राफेल विमानखरेदीच्या प्रकरणी 10 एप्रिल 2019 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गुपित म्हणून शिक्का मारलेले कागद छापण्यापासून रोखण्याचा अधिकार शासकीय गुपिते अधिनियम सरकारला देत नाही. मात्र 1923 च्या त्याच अधिनियमाचे कलम 5 कागद देणाऱ्यालाही लागते आणि घेणाऱ्यालाही. माझ्या बाबतीत घेणाऱ्याला कोणी हात लावला नाही. उलट त्या बातमीने माझे नाव झाले.

अलीकडे एका तरुण सहकाऱ्याने असाच एक कागद आणला. छायाचित्र छापायचे नाही, असे मी बजावले. मजकूरही आमच्या शब्दांत नव्याने लिहून घेतला, कारण वाक्यरचनेवरूनही प्रत ओळखता येते. बातमी आली आणि वाचकांनी विचारले, ‘पुरावा कुठे आहे?’ प्रश्न रास्त होता. कागद आम्ही स्वतः पाहिला आहे, असे मी कळवले. त्यावर एकाने पुन्हा लिहिले की तुमच्या शब्दावर मी का विश्वास ठेवावा. त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेले नाही.