सातारा–कास–बामणोली: हँडल ओढणारी गाडी घाटात नेण्याआधी

बामणोलीला जायचं ठरलं तेव्हा माझी १२५ सीसीची गाडी सरळ चालायला तयार नव्हती. गावातल्या गावात काही जाणवायचं नाही. हायवेला साठच्या पुढे काटा गेला की हँडल हातात वळवळायचं, आणि डांबराचा उंच जोड किंवा ट्रकांनी पाडलेली चाकोरी आली की पुढचं चाक आपणहून त्या रेषेत शिरायचं. यवतेश्वर घाटात एका बाजूला दरी आणि समोरून एसटी असते. तिथे अशी गाडी नेणं मला पटेना. म्हणून आधी दुरुस्ती केली आणि मग निघालो. वृत्तांतही त्याच क्रमाने देतोय, कारण या रस्त्याला जाणाऱ्या कितीतरी दुचाक्या याच अवस्थेत दिसतात.

हँडल ओढायला लागलं की साताऱ्यात काय, सांगलीत काय, पहिला सल्ला एकच मिळतो: "कोनसेट टाईट करून घ्या." कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. माझं ठाम मत आहे की ते टाईट करायचं काम शेवटी करायचं. सुरुवात हवेपासून. टायर थंड असताना, म्हणजे घरातून निघताच जवळच्या पंपावर हवा तपासा आणि गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात लिहिलेल्या आकड्याएवढीच भरा. "घाटात जायचंय, दोन पौंड जास्त टाक" हे ऐकू नका. पुढचा टायर टणक झाला की रस्त्याला कमी टेकतो आणि प्रत्येक खाचेवर उडतो. टायर मधोमध झिजून चपटा झाला असेल तर हवा कितीही नेमकी भरा, तो चाकोरी धरणारच.

मग मागचं चाक. माझ्या गाडीचा खरा घोळ तिथेच निघाला. पंक्चर काढून चाक परत बसवताना एका दुकानात चेनचा अ‍ॅडजस्टर एका बाजूला जास्त ओढला गेला होता, म्हणजे चाक तिरकं बसलं होतं. चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा वरवर जुळलेल्या दिसत होत्या, पण त्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नये. सुतळी घ्या. गाडी मेन स्टँडवर, हँडल सरळ. मागच्या टायरला पाठीमागून सुतळीचा वेढा द्या, स्टँडला अडणार नाही अशा उंचीवर, आणि दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्याही पुढे न्या. सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल इतकी टोकं आत आणा. पुढचा टायर बारीक असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी फट राहते. ती फट दोन्हीकडे सारखी हवी. माझ्याकडे उजवीकडे करंगळी जेमतेम शिरत होती आणि डावीकडे दोन बोटं आरामात जात होती. अ‍ॅक्सलचा नट सैल करून अ‍ॅडजस्टर थोडा थोडा फिरवला, चेनला साधारण अडीच सेंटिमीटर ढील ठेवली, नट कसला आणि पुन्हा सुतळी लावली. नट कसताना चाक हलतं, म्हणून दुसऱ्यांदा बघायचंच. मागचा ब्रेकही तपासून घ्या.

तिथेच असताना मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश (तो ज्या सांध्यावर हलतो तिथल्या नळ्या) गेलेत. चिमटा स्थिर राहून फक्त चाक हललं तर बेअरिंग. चिमटाही सोबत हलला तर बुश.

आता कोनसेट. मेन स्टँडवर मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक अधांतरी करा आणि एका बोटाने हँडल डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवा. मधोमध आल्यावर ते खट्कन अडकल्यासारखं झालं तर कोनसेटच्या कपांना, म्हणजे छर्रे (लोखंडी गोळ्या) ज्यात फिरतात त्या वाट्यांना, खाच पडलीय. हायवेला हँडल तासन्‌तास सरळ असतं, खड्ड्यांचे दणके छर्ऱ्यांना त्याच जागी बसतात, म्हणून खाच नेमकी मध्येच पडते. असा कोनसेट टाईट केला की खडखड थांबते, पण गाडी आणखी बिघडते, कारण सरळ रेषेत येण्यासाठी हँडलला जी बारीक हालचाल सतत लागते तीच बंद होते. वरचे-खालचे कप आणि छर्रे, पूर्ण सेट बदला. आमच्या मिस्त्रींनी नवा सेट ग्रीस भरून असा बसवला की नुसता धक्का दिला तरी हँडल स्वतःच्या वजनाने कुठल्याही बाजूला पडत होतं. काहीशे किलोमीटरनंतर एकदा परत तपासा. नवे कप बसायला थोडा वेळ घेतात.

सोबत मावसभाऊ होता, फौजेतून निवृत्त झालेला. सुतळी बघून तो म्हणाला, "अरे, बर्फावर आम्ही हेच करायचो." स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी; तिला पुढे चाकांऐवजी दोन स्की (घसरपट्ट्या) असतात आणि त्यांच्याखाली धारदार पट्ट्या असतात. आधी गेलेल्या गाड्यांनी बर्फात कापलेल्या रेघांमध्ये त्या शिरतात आणि गाडी इकडेतिकडे झेपावते. तिथेही हँडल सरळ बांधून दोन स्कींमधलं अंतर पुढे आणि मागे मोजतात; पुढच्या बाजूला किंचित जास्त ठेवतात. पुढे चाक असो की स्की, आधी रेषा जुळली पाहिजे.

निघालो सकाळी लवकर. समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट सुरू होतो आणि अजिंक्यतारा मागे पडायला लागतो. पहिल्या वळणांतच फरक कळला: गाडी झुकवली तेवढीच झुकली. वर पठारावर वारा आडवा लागतो. तिथे हँडल आवळून धरू नका. हात ताठ केले की शरीराचं हलणं थेट हँडलमध्ये उतरतं. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल सोडा.

कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हे पठार येतं. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा जाणार असाल तर प्रवेशाचं बुकिंग आधी करा आणि शनिवार-रविवार टाळा. आम्ही फुलं सरल्यावर गेलो. कास तलावावर मात्र थांबलो. साताऱ्याला इथूनच पाणी येतं, तेव्हा काठावर कचरा टाकू नका ही कळकळीची विनंती.

कासपुढे बामणोलीचा उतार अरुंद आहे आणि डांबराच्या कडा ठिकठिकाणी तुटल्या आहेत. समोरून जीप आल्यावर चाक कडेखाली उतरलं तर कडेला घासत जेमतेम तिरकं खेचून वर आणायचा प्रयत्न करू नका. वेग कमी करून जास्त कोनात वर घ्या. सामानाचं वजनही इथेच बोलतं. मागच्या कॅरिअरवर उंच बोजा बांधला की पुढचं चाक हलकं पडतं आणि नीट केलेली गाडीही डुलते. आम्ही तंबू आणि पाण्याचे कॅन दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत खाली घेतले आणि कॅरिअरवर फक्त अंथरूण ठेवलं.

बामणोलीत कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर वासोटा किल्ल्याच्या बोटी मिळतात. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र सोबत ठेवा, पावसाळ्यात किल्ला बंद असतो. बोट सकाळीच धरायची असेल तर आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करा, अंधारात हा उतार उतरू नका. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या. सोबत अ‍ॅक्सलच्या नटाच्या मापाचा पाना आणि सुतळीचं भेंडोळं असू द्या. वाटेत पंक्चर निघालं की चाक परत बसवल्यावर तिथल्या तिथे रेषा बघता येते.