तीन हिसके

घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो. एकदा ओढून भागत नाही, दोनदा ओढून मन भरत नाही. तोवर बायको अर्धा जिना उतरलेली असते आणि खालून विचारते, "झालं का तुझं?" मी असं करतो हे मलासुद्धा लग्नानंतर तिनेच सांगितलं.

बाबा असंच करायचे. लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा. आधीच उशीर झालेला, आम्ही सगळे चपला घालून ताटकळत उभे, आणि हे आपले कुलपाशी झटापट करतायत. मोठेपणी आपण काय काय करायचं नाही याची एक यादी तेव्हा मी मनात करून ठेवली होती. कुलूप त्यात बरंच वर होतं. बाकीच्या यादीचं काय झालं ते विचारू नका.

नाही, एक सांगतोच. बाबा रागावले की गप्प व्हायचे. दोन-दोन दिवस घरात नुसती भांड्यांची आदळआपट ऐकू यायची. मी ठरवलं होतं, आपण बोलून मोकळं व्हायचं. तसा होतोही, चांगला आवाज चढवून. पण मागे एकदा भांडण संपल्यावर लक्षात आलं की मी ज्यावरून ओरडतो त्या गोष्टी म्हणजे टपकता नळ, रिकाम्या खोलीतला दिवा, वेळ सांगून उशिरा येणं. यादी बाबांचीच. ते ज्यावर अबोला धरायचे, त्यावर मी तोंड सोडतो, एवढाच काय तो फरक. मुलीच्या दृष्टीने यात काही सुधारणा झाली असेल, असं मला वाटत नाही.

अशा वेळी मला थॉमसन बापलेक आठवतात. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधला, तो कण आहे हे दाखवलं. त्यांचा मुलगा जॉर्ज याने पुढे प्रयोग करून दाखवलं की हाच इलेक्ट्रॉन लहरीसारखाही वागतो. वडिलांना १९०६ साली नोबेल मिळालं होतं, मुलाला १९३७ साली मिळालं, तेही वडिलांच्या हयातीत. मुलाने बापाला खोटं पाडलं, असं लोक गमतीने सांगतात. तसं काही नव्हतं, दोघांचंही बरोबरच होतं. मला नवल वाटतं ते वेगळंच. पदार्थविज्ञानात इतकं काही पडलेलं असताना पोराने धरला तो इलेक्ट्रॉनच!

तर कुलूप. गेल्या महिन्यात मुलीच्या नव्या घरी गेलो होतो. तिच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप आहे. दार ओढून घेतलं की आपोआप लागतं, वर टुंई करून सांगतंही. बाहेर पडताना तिने दार ओढलं, टुंई झालं, आणि मग तिने मूठ धरून तीन हिसके दिले. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी जिन्याकडे बघितलं.

रक्तातच आहे म्हणावं, तर शाळेतलं जीवशास्त्र आड येतं. बापाचं वाय गुणसूत्र मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. म्हणजे आजोबांचं बाबांकडे आलं, बाबांचं माझ्याकडे. मला एकच मुलगी. तिला मी दिलं ते एक्स, आणि ते मला मिळालं होतं आईकडून. त्या एका जोडीपुरतं बघितलं तर बाबांचं काहीच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. बाकीच्या बावीस जोड्यांतून जे आलं असेल ते आलं असेल, पण त्यात कुठे कुलूप ओढण्याची सोय असेल असं वाटत नाही. बरं, बघून शिकली म्हणावं तर बाबा गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती. राहता राहिलो मी. म्हणजे ताटकळत उभं राहून वैतागायची पाळी तिची होती, आणि बहुतेक तिनेही एक यादी केली असणार.

घरी आल्यावर आत्याला फोन केला. ती बाबांची धाकटी बहीण, जुन्या गोष्टी तिला लख्ख आठवतात. कुलपाचं विचारल्यावर ती आधी खूप हसली.

"अरे, आमच्याकडचं ते जुनं कुलूप! कडी बसल्यासारखी दिसायची, पण बसलेली असायचीच असं नाही. कधी दुसऱ्या हिसक्याला निघून यायची, कधी तिसऱ्या. एकदा दादाने कुलूप लावलं, सात-आठ वर्षांचा असेल, आणि परत येऊन बघतो तर दार सताड उघडं! चोरीबिरी काही नाही झाली. पण दादाचं तोंड एवढंसं झालं."

"मग आजोबांनी मारलं?"

"छे! अप्पा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना त्याला दारापाशी नेलं, त्याच्या हातावर हात ठेवून तीनदा ओढायला लावलं. 'आता चल' म्हणाले. झालं."

मी जरा वेळ गप्प राहिलो. मग विचारलं, "आणि नवं कुलूप नाही आणलं?"

"आणलं की," आत्या म्हणाली. "त्याच आठवड्यात."